शीर्षकातला 'आणि' : वनस्पतींच्या हिवतापविरोधी चाचण्यांचा थोडा इतिहास

पीएचडी प्रवेशासाठी जे संशोधन-आराखडे लिहिले जातात त्यांत एक शीर्षक हमखास भेटतं : 'अमुक वनस्पतीच्या अर्काची परजीवीविरोधी आणि एन्झाइमरोधक क्रिया'. वनस्पतीचं नाव तेवढं बदलतं. तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात असाच विषय असेल, आणि विषय वाईट मुळीच नाही, माझं कामही याच परिसरातलं आहे. पण त्या शीर्षकातला 'आणि' दिसतो तेवढा साधा नाही. अर्कानं परजीवी मेला, हे एक विधान. अर्कानं एखादं एन्झाइम (पाठ्यपुस्तकातलं 'विकर') थांबवलं, हे दुसरं विधान. ते एन्झाइम थांबलं म्हणूनच परजीवी मेला, हे तिसरं. वाचणारा त्या 'आणि'मधून नेमकं हे तिसरं वाचतो, आणि आपल्या हातात बहुतेक वेळा पहिली दोनच असतात, तीही सुटी सुटी.

हे समजून घ्यायला चाचणीच्या पद्धतीच्या पुस्तकापेक्षा इतिहास जास्त कामाला येतो, असं मला वाटतं. हिवतापाचं, म्हणजे मलेरियाचं उदाहरण घेऊ. वनस्पतींपासून औषध शोधण्याची इतकी लांब आणि इतकी नीट नोंदलेली गोष्ट दुसऱ्या कुठल्या परजीवीची क्वचितच असेल.

१८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. पण सालीत क्विनीन एकटं नसतं. क्विनिडीन, सिंकोनीन, सिंकोनिडीन ही त्याची भावंडंही सोबत असतात. १८६० नंतर इंग्रजांनी निलगिरीच्या डोंगरात सिंकोनाची लागवड केली, आणि तिथे जी लाल सालीची जात चांगली रुजली तिच्यात क्विनीनच्या मानानं भावंडांचाच भरणा जास्त. सरकारपुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता : क्विनीन महाग, मग ही स्वस्त भावंडं चालतील का? म्हणून १८६६ ते १८६८ या काळात मद्रास इलाख्यात चारही अल्कलॉइडं सुमारे ३६०० रुग्णांना देऊन पाहिली गेली. त्या काळाच्या मानानं हा आकडा प्रचंड आहे. निष्कर्ष असा निघाला की चौघांचाही गुण ९८ टक्क्यांच्या वर.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा आणि विचारा : 'गुण आला' म्हणजे काय मोजलं? त्यांनी मोजलं ते एवढंच, की तापाची पाळी येणं थांबलं का. दुसरं काही मोजणं शक्यच नव्हतं. हिवतापाचा परजीवी लावराँला अल्जीरियात दिसला तो १८८० मध्ये, म्हणजे या चाचणीनंतर बारा वर्षांनी. शिवाय चारही गट औषध घेणाऱ्यांचे, काहीच न दिलेला गट नाही. हिवतापाचे काही प्रकार असे, की ताप आपोआपही काही काळ उतरतो. तरी निष्कर्ष बरोबर ठरला, कारण ही चारही रसायनं खरोखरच परजीवीला मारतात. पण तो चाचणीनं सिद्ध झाला म्हणून बरोबर, असं म्हणताना मी जरा थांबेन.

ताप आणि परजीवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहायला आपल्या रस्त्यावरचंच एक झाड घ्या. सातवीण. पुण्यात ऑक्टोबरच्या संध्याकाळी ज्याच्या फुलांच्या वासानं गल्ली भरून जाते आणि निम्म्या लोकांचं डोकं उठतं, तेच. त्याची साल तापावर देण्याची परंपरा जुनी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिला क्विनीनचा पर्याय म्हणूनही पुढे केलं गेलं. १९९० मध्ये या सालीच्या अर्कांची हिवताप झालेल्या उंदरांवर चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तातल्या परजीवींवर परिणाम दिसला नाही. मात्र मिथेनॉलच्या अर्कानं उंदरांची तब्येत सुधारलेली दिसली आणि ते उशिरा मेले. म्हणजे परंपरेनं जे पाहिलं ते खोटं नव्हतं. रुग्णाला बरं वाटत असणार. फक्त परजीवीविरोधी क्रिया असं त्याला म्हणता येत नाही. मद्रासच्या पद्धतीनं चाचणी केली असती तर सातवीण कदाचित उत्तीर्ण झाली असती.

म्हणून आराखड्यात 'पारंपरिक वापर : ताप' असं लिहून पुढच्याच ओळीत 'म्हणून परजीवीविरोधी क्रिया अपेक्षित' असं लिहू नका. मधली एक पायरी गाळली जाते, आणि मुलाखतीत तीच विचारतात.

परजीवी दिसू लागल्यावर पुढची अडचण अशी की माणसाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवता येईना. मग पक्षी आले. कोंबड्या, बदकं, कॅनरी यांना त्यांचे त्यांचे हिवताप होतात. कित्येक वर्षं नव्या औषधांची पहिली पारख पक्ष्यांवरच झाली. उंदरांना होणारा प्लाझ्मोडियम बर्घेई १९४८ मध्ये काँगोत सापडला, तेव्हा कुठे संशोधकांना हाताळायला सोपा प्राणी मिळाला.

पक्ष्यांच्या त्या काळातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे. १९४२ मध्ये जपाननं जावा बेट घेतलं. जगातलं बहुतेक सगळं सिंकोना तेव्हा जावातून येत होतं. क्विनीनचा पुरवठा तुटला आणि युद्धात गुंतलेले सगळेच देश पर्याय शोधू लागले. अमेरिकेत जवळपास ६०० वनस्पतींचे अर्क पक्ष्यांवर तपासले गेले. चीनमध्ये लक्ष गेलं ते छांगशान नावाच्या जुन्या औषधी मुळीकडे. डायक्रोआ फेब्रिफ्यूगा हे तिचं शास्त्रीय नाव, हे झुडूप हिमालयातही वाढतं. चिनी संशोधकांचं काम १९४६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं, आणि १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटानं त्यातला क्रियाशील अल्कलॉइड वेगळा केला : फेब्रिफ्यूजीन. बदकांच्या हिवतापावर तो क्विनीनच्या सुमारे शंभर पट प्रभावी निघाला.

शंभर पट! आजच्या एखाद्या प्रबंधात असा आकडा आला तर तोच सारांशाचं पहिलं वाक्य होईल. पण फेब्रिफ्यूजीन माणसांचं औषध झालं नाही. ते घेतल्यावर भयंकर उलट्या होतात, आणि परजीवीला मारणारी मात्रा आणि रुग्णाला आजारी पाडणारी मात्रा यांत पुरेसं अंतर नाही. आज आपण याच अंतराला निवडकता निर्देशांक म्हणतो : माणसाच्या निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले निम्म्या परजीवींना रोखणारी मात्रा, म्हणजे सीसी-५० भागिले आयसी-५०. समजा, तुमच्या अर्काचा आयसी-५० पाच मायक्रोग्रॅम आला आणि सीसी-५० आला आठ. मग तुमच्याकडे परजीवीविरोधी अर्क नाही, साधं विष आहे आणि परजीवी त्याला इतरांच्या थोडा आधी बळी पडतो, एवढंच. नुसता आयसी-५० देणारे शोधनिबंध अजूनही निघतात. ते वाचताना 'भागिले काय?' हा प्रश्न समासात लिहायची सवय लावून घ्या.

माणसाचा परजीवी काचेत वाढायला १९७६ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम माणसाच्या तांबड्या पेशींत सलग वाढवून दाखवला. त्यांची युक्ती मला फार आवडते. परजीवीला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. महागडं उपकरण नसेल तर काय करायचं? काचेच्या डेसिकेटरमध्ये पेट्री डिश ठेवायच्या, आत एक मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं आणि ज्योत विझायला आली की झाकणाची तोटी बंद करायची. आत जी हवा उरते ती परजीवीला बरोबर मानवते. पदवीच्या प्रयोगशाळेत जे सामान असतं त्यात हे होतं. (मानवी रक्त आणि परवानग्या सोडून. त्या दोन गोष्टींत मात्र महिने जातात, ते वेळापत्रकात धरा.) या पद्धतीनंतर थोड्याशा मिलिग्रॅमांवर चाचणी होऊ लागली आणि वनस्पतींचे अर्क तपासण्याला खरा पूर आला.

गंमत अशी की वनस्पतीतून आलेलं या शतकातलं सगळ्यात मोठं हिवतापाचं औषध त्या पुराच्या आधीच सापडलं होतं, आणि तेही उंदरांवर. चीननं २३ मे १९६७ रोजी सुरू केलेला प्रकल्प ५२३, त्यात १९६९ पासून तू यूयू यांचा गट, आणि १९७२ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनीन, ही कथा तुम्ही ऐकलेली असेल. २०१५ च्या नोबेलनंतर ती सगळीकडे आली. पण सांगणारे बहुधा 'जुन्या ग्रंथात लिहिलं होतं आणि ते खरं निघालं' असं सांगून मोकळे होतात. ते अर्धंच आहे.

गटानं २००० हून अधिक पारंपरिक योग चाळले, आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. त्यात छिंगहाओ, म्हणजे आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, एकदा चांगली चमकली. पुन्हा प्रयोग केला तर परिणाम दिसेना. तुमच्या-माझ्या प्रयोगशाळेत अशा वेळी काय होतं? बहुधा पहिला आकडा ठेवतात, नाहीतर वनस्पती सोडून देतात. तू यूयू यांनी तिसरा रस्ता धरला : अर्क काढण्याच्या पद्धतीवर संशय घेतला. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळायला नव्हे. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं काहीतरी नासत असावं. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, त्यासाठी इथर वापरलं, ते ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. मग अर्कातला आम्लधर्मी भाग काढून टाकला आणि उदासीन भाग ठेवला. त्यातला १९१ क्रमांकाचा नमुना ४ ऑक्टोबर १९७१ रोजी उंदरांमध्ये शंभर टक्के प्रभावी निघाला. त्याच वर्षाअखेरीस माकडांमध्येही.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे 'अर्क' म्हटलं की सॉक्सलेट लावायचं आणि मिथेनॉल आठ-दहा तास उकळत ठेवायचं, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की ती एक निवड आहे हेच कोणाला वाटत नाही. आर्टेमिसिनीनची सगळी ताकद त्याच्या रेणूतल्या पेरॉक्साइडच्या पुलात आहे. असे पूल तापानं आणि रसायनांनी तुटू शकतात. तुमचा अर्क निष्क्रिय निघाला तर वनस्पती निष्क्रिय आहे की तुमची पद्धत, हे ठरवायला दुसऱ्या पद्धतीचा निदान एक अर्क सोबत हवा. तसंच पानं, खोड आणि मुळं वेगवेगळी. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, एन्झाइमकडे.

क्विनीन परजीवीला मारतं हे कळून शंभर वर्षं उलटली तरी ते नेमकं काय थांबवतं हा प्रश्न उघडाच होता. परजीवी आपल्या हिमोग्लोबिनवर जगतो. ते पचवल्यावर त्यातलं हीम उरतं, आणि ते परजीवीला विषारी असतं. म्हणून परजीवी त्याचे निरुपद्रवी तपकिरी स्फटिक बनवतो, त्यांना हिमोझॉइन म्हणतात. क्विनीनच्या कुळातलं कृत्रिम औषध क्लोरोक्वीन हे स्फटिक बनणं अडवतं. १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला : परजीवीच्या अर्कात हीमचे स्फटिक बनवणारं एक नवं एन्झाइम आहे, 'हीम पॉलिमरेज', आणि क्लोरोक्वीन त्यालाच रोखतं. किती नीटनेटकं! एन्झाइम आहे, रोधक आहे, रोग आहे. पण १९९४-९५ मध्ये इतर गटांनी दाखवलं की योग्य आम्लता असेल तर हीमचे तसेच स्फटिक प्रथिनाशिवायही बनतात. आधीचा एखादा स्फटिक असला की त्याच्यावर पुढचे चढत जातात. क्लोरोक्वीन आणि क्विनीन थेट हीमलाच चिकटतात. ज्या एन्झाइमचा रोधक सापडला होता, त्या एन्झाइमची गरजच उरली नाही.

आर्टेमिसिनीनच्या बाबतीतही असंच वळण आलं. २००३ मध्ये 'नेचर'मध्येच पीएफएटीपी-६ हा परजीवीचा कॅल्शियम पंप त्याचं लक्ष्य म्हणून मांडला गेला. नंतर तो पंप शुद्ध करून तपासला, तर आर्टेमिसिनीनचा त्याच्यावर तसा परिणाम दिसेना. आज बहुतेक जण मानतात ते असं, की हीममधल्या लोहामुळे पेरॉक्साइडचा पूल तुटतो, त्यातून निघालेले आक्रमक तुकडे आसपासच्या अनेक प्रथिनांना एकदमच इजा करतात. म्हणजे एका शुद्ध एन्झाइमसमोर, हीम नसताना, आर्टेमिसिनीन ठेवलं असतं तर ते मुकाट बसलं असतं. सुरुवातच एन्झाइमच्या चाचणीनं केली असती तर नमुना क्रमांक १९१ 'निष्क्रिय'च्या रकान्यात गेला असता.

हे दोन्ही शोधनिबंध जगातल्या नावाजलेल्या गटांचे होते. तरी तिसरं विधान हातातून निसटलं. आपल्याकडे तर बहुतेक वेळा कच्चा अर्क असतो, आणि कच्चा अर्क एन्झाइमच्या बाबतीत फार लबाड असतो. चामडं कमावणारे लोक बाभळीची, तरवडाची साल का वापरतात? त्यातलं टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधतं म्हणून. एन्झाइम हेही प्रथिनच. टॅनिन भरपूर असलेला सालीचा अर्क जवळपास कुठलंही एन्झाइम 'रोखेल', मग ते परजीवीचं असो, लाळेतलं असो, नाहीतर तुमच्या शेजारच्या टेबलावरचं. त्याला रोधक म्हणायचं तर चांभाराच्या हौदालाही म्हणावं लागेल.

शुद्ध रसायनानंही सुटका होत नाही. २००२ मध्ये ब्रायन शोइखेट यांच्या गटानं दाखवलं की अनेक रेणू पाण्यात विरघळल्यासारखे वाटतात, पण खरं तर त्यांचे बारीक गोळे झालेले असतात. एन्झाइम त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं आणि आपल्याला आयसी-५० मिळतो. अशा रेणूंमध्ये क्वेर्सेटिनही आहे, जे कांद्यापासून पेरूच्या पानापर्यंत सगळीकडे सापडतं आणि वनस्पतींवरच्या प्रत्येक दुसऱ्या प्रबंधात 'क्रियाशील घटक' म्हणून येतं. तपासायला उपाय साधा आहे : चाचणीत थोडासा डिटर्जंट घालायचा, ट्रायटन एक्स-१०० बहुधा ०.०१ टक्के. रोध नाहीसा झाला तर तो गोळ्यांचा होता. हळदीतल्या कर्क्युमिनची अडचण आणखी वेगळी. ते पिवळं आहे, प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, पाण्यात टिकत नाही, प्रथिनांशी रासायनिक बंधही करतं. रंगावर किंवा चमकेवर चालणाऱ्या चाचणीत ते एन्झाइमला हात न लावताही आकडा हलवू शकतं. म्हणून अर्क आणि आधारद्रव्य, पण एन्झाइम नाही, अशी एक ओळ प्लेटवर ठेवाच.

मग तिसरं विधान कधीच करता येत नाही का? येतं. त्यासाठी फेब्रिफ्यूजीनकडे परत जाऊ.

उलट्यांमुळे माणसांसाठी बाद झालेल्या या रेणूचं एक रूप, हॅलोफ्युजिनोन, पुढे कोंबड्यांना होणाऱ्या कॉक्सिडियोसिसवर वापरात आलं. कॉक्सिडियोसिसही परजीवीचाच रोग. वापर चालू राहिला, पण लक्ष्य माहीत नव्हतं. ते २०१२ मध्ये सापडलं, रेणू वेगळा केल्यानंतर ६५ वर्षांनी. पेशीत प्रथिनं बनवताना प्रोलीन हे अमिनो आम्ल त्याच्या टीआरएनएवर चढवणारं एक एन्झाइम असतं, प्रोलिल-टीआरएनए सिंथेटेज. हॅलोफ्युजिनोन प्रोलीनची जागा अडवून त्याला थांबवतं. पण शुद्ध एन्झाइम थांबलं एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. त्यांनी पेशींना जास्तीचं प्रोलीन दिलं, आणि औषधाचा परिणाम ओसरला. हे एन्झाइम खरं लक्ष्य नसतं तर प्रोलीननं काहीच फरक पडायला नको होता. पुढे हिवतापाच्या परजीवीतही हेच एन्झाइम लक्ष्य असल्याचं दाखवलं गेलं. औषधाला दाद न देणारे परजीवी तयार केले, तेव्हा त्यांच्यात बदल सापडला तो नेमका याच एन्झाइमच्या जनुकात.

माणसातही हे एन्झाइम आहे, आणि आपल्या एन्झाइमचं परजीवीच्या एन्झाइमशी बरंच साम्य आहे. निवडकतेचं अंतर एवढं कमी का, याचं उत्तर बरंचसं तिथे मिळतं. दोन्हींत जो थोडा फरक आहे तो धरून नवे रेणू बनवायचं काम आता चालू आहे.

तीन-चार वर्षांच्या पीएचडीत यातलं किती जमेल? माझं मत विचाराल तर शीर्षकातून 'आणि' काढा आणि एक बाजू धरा. परजीवीची बाजू धरली तर दोन पद्धतींचे अर्क, सीसी-५०, आणि वेगवेगळ्या हंगामांत गोळा केलेल्या नमुन्यांवर पुन्हा केलेला प्रयोग, एवढ्यातच दोन वर्षं जातात. एन्झाइमची बाजू धरली तर कच्च्या अर्कानं सुरुवात करू नका. शुद्ध रेणू घ्या आणि डिटर्जंटची बाटली पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवा. 'आणि' ठेवायचाच असेल, तर प्रोलीनसारखा एखादा उलटा प्रयोग तुमच्या एन्झाइमसाठी कोणता असेल, ते आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा. तो सुचत नसेल तर गाइडना विचारा, पण नोंदणीच्या आधी.